कासाई शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने कसे काढावेत?

ऐरोलीची आई:
आमच्या मुलीला जन्मापासून कावीळ होती. कोवळ्या उन्हात ठेवा, आपोआप उतरेल, या सल्ल्यात सहा आठवडे गेले; पुढे तिची शी चुन्यासारखी पांढरट होऊ लागली तेव्हा तपासण्या झाल्या, बिलिअरी अट्रेसियाचे, म्हणजे पित्त वाहून नेणाऱ्या नलिका बुजल्याचे निदान झाले आणि ५७ व्या दिवशी मुंबईत, आतडे थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया झाली. (नाव ऐकून सासूबाई हादरल्या होत्या, ते मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदांचे आडनाव आहे, हे त्यांना पटवायला दोन दिवस लागले.) आज २४ दिवस झाले असून बिलिरुबिन, म्हणजे रक्तातले काविळीचे प्रमाण, ९ वरून ६ वर आले आहे. गुण येईल का, असे विचारले की ‘थांबून पाहू’ एवढेच उत्तर मिळते. हे थांबणे तुम्ही कसे निभावलेत? आणि यकृत प्रत्यारोपणाचा विषय आत्ताच काढणे अपशकुनाचे तर नाही ना?

कळव्याचे बाबा:
ताई, आमच्या मुलाची हीच शस्त्रक्रिया ७१ व्या दिवशी झाली होती, त्यामुळे तुम्ही साठ दिवसांच्या आत पोहोचलात याचा मला हेवाच वाटला. डॉक्टर टाळतात असे मलाही वाटे, पण पित्त वाहू लागेल की नाही हे त्यांनाही आधी कळत नाही. ‘बरा होईल का’ याऐवजी ‘कधी आणि कोणत्या आकड्यावरून ठरेल’ असे विचारल्यावर मात्र नेमके उत्तर मिळाले: तीन महिन्यांनी एकूण बिलिरुबिन २ च्या खाली असेल, तर स्वतःच्या यकृतावर मूल बराच काळ काढण्याची शक्यता चांगली असते. आमचे आले नाही. मुलगा अकरा महिन्यांचा असताना त्याच्या आईने आपल्या यकृताचा डावीकडचा लहान भाग दिला. खरे तर मी देणार होतो, पण सोनोग्राफीत माझ्या यकृतावर चरबी निघाली आणि वजन उतरवायला वेळ उरला नव्हता. म्हणून दोघांचे रक्तगट आणि सोनोग्राफी याबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोला. आज तो बालवाडीत जातो, औषधे मात्र कायमची लागली आहेत.

वाशीची परिचारिका:
ताप आला तर घरचे औषध देऊन सकाळची वाट पाहू नका. या शस्त्रक्रियेत आतडे थेट यकृताला जोडलेले असते, त्यामुळे पित्तमार्गात जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि शिरेतून प्रतिजैविके त्वरित सुरू करावी लागतात. फाइल आणि दुपटी भरलेली पिशवी दाराशीच असू द्या. रात्री ऐरोली पुलावरून मुंबई जवळ असते, सकाळी नऊला नसते. शीचा रंग नेहमी दिवसाच्या उजेडात पाहा, कारण ट्यूबलाइटखाली पांढरट शीही पिवळी वाटते आणि आईचे मन तेवढ्यावर विश्वास ठेवते. तसेच प्रत्यारोपणानंतर काही लशी देता येत नाहीत, म्हणून लसीकरणाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.

ऐरोलीची आई:
दोघांचेही आभार. आजचा लंगोट गॅलरीत नेऊन पाहिला. मोहरीसारखा पिवळा रंग नाही, पण चुन्यासारखाही नाही, पातळ वरणासारखा आहे. तीन महिने ज्या तारखेला पूर्ण होतात तिच्यावर कालनिर्णयात खूण केली आहे. मुलीच्या बाबांचे वजन ९१ किलो आहे, त्यांनी आज रात्रीपासून भात सोडला आहे.