स्टँडिंग फिगरचे पाय आखूड येतायत, मदत हवी आहे (अर्जंट)

चारकोल_अन्_चहा:
तीन आठवडे झाले, वैतागलोय. स्टँडिंग फिगर काढली की धड बरं येतं, डोकं बरं येतं आणि गुडघ्याखाली कुणी करवत फिरवल्यासारखं. सर येतात, "पाय बघ" म्हणतात, पुढे जातात. अहो पायच तर बघतोय! सोमवारी सबमिशन आहे. उंची साडेसात डोक्यांएवढी हे माप माहितीये, ते सांगू नका.

निवांत_पाटील:
फोटोवरून काढतोस का? मोबाईल डोक्याच्या उंचीवरून धरला की पाय आखूडच दिसणार.

चारकोल_अन्_चहा:
फोटो नाही हो, लाइफ, समोर बघून. मॉडेल मावशी येतात.

जुना_ड्रॉइंगमास्तर:
बाळा, आधी सांगाडा शीक. मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब, ते कुठे सुरू होतं हेच आजकालच्या मुलांना ठाऊक नसतं. उभ्या माणसाचा मध्य जांघेपाशी येतो, कमरेपाशी नाही. बघ तुझा कुठे येतोय ते.

रेघोट्या:
मास्तर, हाडं पाठ करून कुणाची फिगर उभी राहिलीये? रोज तीस-तीस सेकंदांच्या वीस जेश्चर, म्हणजे झटपट पोझची स्केचेस, मार, आपोआप सुटेल.

जुना_ड्रॉइंगमास्तर:
आपोआप काही सुटत नाही. तीस सेकंदांत चुकीची फिगर वीस वेळा काढेल, बस.

ऑकरवाला:
स्किनला यलो ऑकर, लाइट रेड, व्हाइट, सावलीत किंचित व्हिरिडियन हिरवा. काळा अजिबात नको.

रेघोट्या:
दादा, रंग कुणी विचारलाय? नाव चारकोल आहे त्याचं.

संध्याताई_के:
किती लांब बसतोस? मॉडेलच्या उंचीच्या तिप्पट तरी अंतर हवं, म्हणजे पंधरा-सोळा फूट.

चारकोल_अन्_चहा:
ताई, वर्गच एवढासा आहे. सहा फूट असेल. मावशी दीड फुटाच्या स्टँडवर, मी डाँकीवर (बसून चित्र काढायचा बाक, पुढे बोर्ड टेकवायचा).

संध्याताई_के:
मग अंतरानेच होतंय.

निवांत_पाटील:
कसं काय? हा बसलाय आणि त्या स्टँडवर, म्हणजे याचा डोळा त्यांच्या मांड्यांच्या लेव्हलला. तसं असेल तर डोकं लहान यायला हवं, पाय कशाला? बोर्ड कसा धरतोस रे?

चारकोल_अन्_चहा:
मांडीवर. डाँकीचा पुढचा टेकू तुटलाय म्हणून आडवाच ठेवतो.

निवांत_पाटील:
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायला काय झालं होतं! आडव्या बोर्डाची वरची कड डोळ्यापासून लांब जाते, तिथलं सगळं आखूड दिसतं म्हणून तू नकळत धड ताणतोस. मग बोर्ड उभा केला की धड लांब, पाय बुटके. नजरेला काटकोनात येईल असा उभा धर.

जुना_ड्रॉइंगमास्तर:
जेजेत, मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये, 1919 ला सॉलोमनसाहेब प्रमुख म्हणून आले आणि न्यूड मॉडेलवरून अभ्यास सुरू केला, तेव्हापासून मुलं हीच चूक करतायत बहुतेक.

ऑकरवाला:
न्यूड आहे का? मग गालापेक्षा पोट फिकं ठेव.

चारकोल_अन्_चहा:
(दुसऱ्या दिवशी) बोर्ड खुर्चीच्या पाठीला टेकवून उभा केला. पाय आले!! पण आता मावशी डावीकडे पडतायत.

संध्याताई_के:
दोऱ्याला खोडरबर बांध, झाला ओळंबा. वजन एका पायावर असेल तर गळ्याची खाच त्याच पायाच्या घोट्यावर उतरते, तिथून रेघ पाड. आणि मावशींच्या पावलांभोवती खडूने खूण केलीयेस ना? विश्रांतीनंतर पाय दोन बोटं सरकला तरी सगळं गंडतं.

चारकोल_अन्_चहा:
खूण नाही केली 😐