मदत हवी आहे : अंधूक प्रकाशात सामना थांबवायचा कोणी आणि मग निकाल लावायचा कसा?

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या आमच्या लेआऊटच्या मोकळ्या मैदानावर आम्ही तिघे गेली चार वर्षे संध्याकाळची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा चालवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शनिवार-रविवारी सामने होतात. संघ आठ आहेत, प्रत्येक डाव दहा षटकांचा असतो आणि खेळणारे नोकरदार, दुकानदार, महाविद्यालयीन मुले असे संमिश्र आहेत. बक्षीस म्हणजे एक चषक आणि समारोपाचे सावजी जेवण. एवढ्याशा स्पर्धेला नियमावली कशाला, असे पहिल्या वर्षी मलाही वाटत होते. मात्र गेल्या जानेवारीतल्या एका प्रसंगानंतर ते मत बदलले, आणि म्हणूनच हा धागा काढतो आहे.

आमचा पहिला सामना साडेचारला सुरू होतो असे पत्रकावर असते, प्रत्यक्षात पावणेपाच वाजतातच. पहिला डाव चांगल्या उन्हात होतो. दुसरा डाव मात्र नेमका दिवेलागणीच्या वेळेत सापडतो, कारण आपल्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास आणि जानेवारीच्या मध्यास पावणेसहानंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. चार खांबांवर दिवे आहेत, पण पूर्ण अंधार पडल्यावर ते जेवढे कामाचे ठरतात, तेवढे त्या मधल्या अर्ध्या तासात ठरत नाहीत. आकाश अजून फिकट असते, दिवा डोळ्यांत येतो आणि उंच उडालेला चेंडू या दोहोंच्या मध्ये कुठेतरी हरवतो.

त्या दिवशी दुसऱ्या डावात एका संघाला ९ चेंडूंत १४ धावा हव्या होत्या. फलंदाजाने मिडविकेटच्या दिशेने उंच फटका मारला, सीमेजवळ उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला चेंडू दिसलाच नाही आणि तो त्याच्या डोळ्याखाली बसला. चार टाके पडले, डोळा वाचला. चेंडू साध्या टेनिसचा असता तर कदाचित एवढे झाले नसते, पण आम्ही हार्ड टेनिस वापरतो, जो साध्या टेनिस चेंडूच्या सुमारे दुप्पट वजनाचा असतो. लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो म्हणून त्याच्यासाठी हेल्मेट, पॅड सगळे असते. हार्ड टेनिसला मात्र आपण उगीचच निरुपद्रवी समजतो.

पण मला खरा प्रश्न पडला आहे तो वेगळा. आमच्याकडे पंच फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असतो, कारण दुसरे माणूस मिळत नाही. त्या दिवशीच्या पंचाने नंतर माझ्याजवळ प्रामाणिकपणे कबूल केले की दोन षटकांपासून त्यालाही चेंडू नीट दिसत नव्हता. त्याने खेळ थांबवला नाही, कारण आमच्या नियमावलीत ‘अपूर्ण सामन्यात दोन्ही संघांना एकेक गुण’ असे लिहिलेले होते आणि एका गुणाने त्याचा संघ उपांत्य फेरीतून बाहेर पडत होता. मी त्याला दोष देत नाही. थांबवणाऱ्याचेच नुकसान होईल असा नियम आम्हीच लिहून ठेवला होता.

क्रिकेटच्या नियमांनुसार प्रकाश किंवा मैदान धोकादायक असेल तर खेळ थांबवण्याचा निर्णय केवळ पंचांचा असतो. पूर्वी प्रकाशाबाबत फलंदाजांना विचारले जाई, ती पद्धतही आता राहिलेली नाही. पण तेथे पंच त्रयस्थ असतात. आमच्यासारख्यांनी काय करावे? सामना थांबला तर निकाल कोणत्या हिशोबाने लावावा, म्हणजे कोणाच्याही मनात ‘मुद्दाम थांबवला’ अशी शंका राहणार नाही? ज्यांनी अशी स्पर्धा स्वतः चालवली आहे, त्यांचे अनुभव हवे आहेत.

जुना यष्टिरक्षक :

आपला प्रश्न दोन भागांचा आहे आणि दोन्ही भाग एकाच नियमाने सुटणार नाहीत. पंचाबाबत आमच्याकडे चाललेली सोय अशी की, ज्या संघाचा त्या दिवशी सामना नाही त्याने दोन पंच आणि एक गुणलेखक द्यायचे. न दिल्यास त्या संघाचा एक गुण कापायचा. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, दुसऱ्या वर्षी सवय झाली.

निकालासाठी सरासरी धावगती सगळ्यांना समजते, पण ती विकेट मोजत नाही. समजा पहिल्या संघाने दहा षटकांत ८० धावा केल्या. सात षटकांनंतर सरासरीने ५६ धावा बरोबरीच्या ठरतात. आता पाठलाग करणाऱ्या एका संघाच्या ५७ धावांवर नऊ विकेट गेल्या आहेत आणि दुसऱ्या संघाच्या ५४ धावांवर एकच विकेट गेली आहे. सरासरीने ५७ वाला जिंकतो आणि ५४ वाला हरतो, हे कोणाला पटेल? उरलेली षटके आणि हातातल्या विकेट दोन्ही मोजणारी डकवर्थ-लुईस पद्धत आली ती याच कारणाने. त्याआधी १९९२ च्या विश्वचषकातील सिडनीच्या उपांत्य सामन्यात पावसानंतर दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावांऐवजी एका चेंडूत २१ धावा करायच्या राहिल्या होत्या, तो प्रसंग आमच्या पिढीला आजही आठवतो.

डकवर्थ-लुईसचे संपूर्ण गणित मैदानावर करण्याची आपल्याला गरज नाही. आम्ही एवढेच करतो : चार विकेटपर्यंत साधी सरासरी, त्यापुढे गेलेल्या प्रत्येक विकेटला बरोबरीच्या धावसंख्येत तीन धावांची भर. हे शास्त्र नव्हे, पण दोन्ही कर्णधार नाणेफेकीआधी त्यावर सही करतात. दुसऱ्या डावाची निदान पाच षटके झाली तरच निकाल लावतो. ट्वेंटी-२० सामन्यांतही हीच अट असते.

क्षेत्ररक्षण करणारा संघ बरोबरीच्या धावसंख्येच्या पुढे असेल तर तो मुद्दाम वेळ काढेल, हेही गृहीत धरा. मूळ नियमांत त्यासाठी ताकीद आणि नंतर पाच दंडाच्या धावांची तरतूद आहे, ती निःसंकोच वापरावी.

रात्रपाळीतली परिचारिका :

मी क्रिकेटमधली जाणकार नाही, पण अशी मुले आमच्याकडे येतात म्हणून लिहिते. डोक्याला किंवा चेहऱ्याला चेंडू लागलेल्या खेळाडूने ‘मला काही झाले नाही’ असे कितीही सांगितले तरी त्या दिवशी त्याला पुन्हा खेळू देऊ नये आणि पुढचे चोवीस तास त्याला एकटे ठेवू नये. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. डोळ्याला लागले असेल तर डोळा चोळू नये, त्यावर दाब देऊन बर्फ लावू नये, आणि अंधूक किंवा दुहेरी दिसत असेल तर त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ गाठावा. अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांचे फोन नंबर गुणलेखकाच्या वहीत पहिल्याच पानावर असावेत. तो नंबर शोधण्यात किती वेळ जातो, हे आम्ही रोज पाहतो.

रविवारचा फलंदाज :

एवढी कायदेबाजी करण्यापेक्षा सामने सकाळी घ्या, प्रश्नच मिटेल.

धागाकर्ता :

सर्वांचे मनापासून आभार. सकाळी मैदानावर योगवर्ग असतो आणि त्यानंतर लहान मुलांचा सराव असतो. त्यांना हटवून आमची स्पर्धा भरवणे मला योग्य वाटत नाही.

जुन्या यष्टिरक्षकांचे सूत्र आम्ही काल रात्री त्या जानेवारीतल्या सामन्याला लावून पाहिले. पहिल्या डावात ७५ धावा झाल्या होत्या. ५१ चेंडूंनंतर सरासरीने ६३.७५ धावा बरोबरीच्या होतात, पाच विकेट गेल्या असल्याने तीन धावांची भर, म्हणजे ६६.७५. त्यांच्या धावा होत्या ६२. थोडक्यात, हे सूत्र तेव्हा असते तरी खेळ थांबताच तो संघ हरला असता आणि त्याच संघातल्या पंचाला गप्प राहावेसे वाटलेच असते. कोष्टक कितीही न्याय्य केले तरी पंच त्रयस्थ नसेल तर उपयोग नाही, हे आकडे मांडल्यावरच आम्हा तिघांना पटले.

त्यामुळे रिकाम्या संघाने पंच द्यायचे, हे ठरले आहे. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वेळापत्रक, कारण सामना थांबवण्याची वेळच येऊ नये. पहिला सामना आता चारला सुरू होईल आणि आठ षटकांचाच असेल. उशिरा येणाऱ्या संघाची षटके पाच मिनिटांना एक याप्रमाणे कापली जातील. सव्वापाच ते साडेसहा मैदानावर चेंडू टाकला जाणार नाही. दुसरा सामना साडेसहाला, पूर्ण दिव्यांखाली, दहा षटकांचा. दुकानदार मंडळींना चारची वेळ जड जाते, म्हणून त्यांच्या दोन्ही संघांना शक्यतो दुसरा सामना देतो आहोत. यात दवाचा त्रास दुसऱ्या डावात गोलंदाजी करणाऱ्यांना होईल. त्यावर पाचव्या षटकानंतर कोरडा चेंडू देण्यापलीकडे आम्हाला उपाय सुचलेला नाही, कोणाला सुचला तर सांगावा. अठरा वर्षांखालील मुलांना फलंदाजी करताना हेल्मेट सक्तीचे केले आहे, आणि पालकांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर गेले आहेत.

एक गोष्ट राहिली. चारपैकी दोन खांब सीमारेषेच्या आत येतात आणि धावत आलेला क्षेत्ररक्षक त्यांवर आदळू शकतो. सीमारेषा आत घेतली तर मैदान फारच लहान होते, म्हणून छातीच्या उंचीपर्यंत खांबांना जुन्या गाद्या गुंडाळण्याचा विचार आहे. दव आणि ऊन यांत त्या किती टिकतात, की त्याऐवजी फोम आणि ताडपत्री बरी, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया लिहावे. पहिला सामना येत्या शनिवारी आहे.