किनाऱ्यावरचं पार्किंग: अकरा गाड्या, सहा माणसं आणि गोणीत बांधलेलं मशीन

ओहोटी_बघ्या:
परवा संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो होतो. सीझन संपलेला, वारा सुटलेला, पार्किंगमध्ये गाड्या मोजून अकरा आणि नगरपालिकेची माणसं सहा. खरंच मोजली हो, दोघं आत यायच्या गेटवर, दोघं बाहेर जायच्या गेटवर, एक पावतीच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून आणि एक नुसताच शिट्टी गळ्यात घालून फिरणारा. हे मशीन बसवलं तेव्हा केवढा गाजावाजा, म्हणे आता माणूसच लागणार नाही, कार्ड लावा पावती घ्या. आज ते मशीन गोणीत गुंडाळून सुतळीने बांधून ठेवलंय आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं काम एकच, येईल त्याला "बंद आहे, गेटवर द्या" सांगायचं. मशीन बंद आहे हे सांगायला पगारी माणूस! वर रिकाम्या जागा दाखवणारा एलईडी बोर्ड आहे, त्याच्यावर अकरा गाड्या असतानाही जागा शिल्लक 000. एक गाडी तर तो बोर्ड वाचून परत वळताना बघितली मी. माझं म्हणणं सरळ आहे, पार्किंगच्या पैशातून पार्किंगचाच खर्च निघत नसेल तर एकतर फुकट करून टाका नाहीतर ठेक्याने द्या, नगरपालिकेने हा उद्योग करायचाच कशाला.

कोपऱ्यातला_बाक:
किती वाजता गेला होतात?

ओहोटी_बघ्या:
साडेपाचच्या सुमारास. का?

कोपऱ्यातला_बाक:
वाटलंच. बऱ्याच ठिकाणी त्याच सुमाराला शिफ्ट बदलते, जाणारे आणि येणारे दोघंही दिसतात. पण ते सोडा, जरा हिशोब करू. एक गेट दिवसाला 14 तास उघडं, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे 98 तास. एका माणसाचा आठवडा 48 तासांचा धरला तरी एका खुर्चीला दोन माणसं हजेरीपटावर लागतातच, रजा-आजारपण धरलं तर सव्वादोन-अडीच. दोन गेटं म्हणजे पाच जण आले की नाही? लोकांना वाटतं पाच माणसं म्हणजे पाच जण बसून आहेत, प्रत्यक्षात एका वेळी दोघंच असतात. सुट्टीच्या दिवशी येऊन बघा, हीच माणसं कमी पडतात आणि गाड्यांची रांग मेन रोडपर्यंत जाते तेव्हा तुम्हीच म्हणाल स्टाफ कुठे मेला.

ओहोटी_बघ्या:
गणित मान्य. पण मग सुट्टीच्या दिवसाचा स्टाफ वर्षभर पोसायचा का? सीझनला वाढवा, एरवी कमी करा, यात एवढं अवघड काय आहे? आणि त्या गणितात मशीनशेजारची खुर्ची कुठे बसते तेही सांगा.

गंजका_खिळा:
मशीनचं मी सांगतो, असली कामं केली आहेत. किनाऱ्यावर स्टेनलेस म्हणून जे सर्रास विकलं जातं ते 304 ग्रेडचं, ते खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, आधी तांबूस डाग पडतात मग सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. तिथे 316 लागतं, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो दोन-तीन टक्के, म्हणून महाग. टेंडरमध्ये नुसतं "स्टेनलेस स्टील" लिहिलं की सगळ्यात स्वस्तवाला 304च देणार आणि त्याची चूकही काढता येणार नाही. त्यात मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, कीपॅडच्या फटीतून आत गेलं की सर्किटवर हिरवट थर चढतो. एक पॅनल उघडलं होतं आम्ही, स्क्रू फिरेना, डोकंच तुटून हातात आलं, आत नोटा ओढणारा रोलर मिठाने असा बसलेला की वाळूचा दगड वाटावा. आणि हे सगळं एक सीझन उलटल्यावर!
पण खरी मेख पुढे आहे. मशीन येतं भांडवली म्हणजे नव्या खरेदीच्या खर्चातून, कुठलंतरी अनुदान येतं, ते ठरलेल्या मुदतीत खर्च करायचं असतं, उद्घाटन होतं, फोटो निघतो. देखभाल मात्र महसुली म्हणजे रोजच्या खर्चात, तिथे दरवर्षी खडखडाट. म्हणून नवीन घेणं सोपं आणि जुनं दुरुस्त करणं अवघड. दुरुस्तीची फाईल वर्षभर फिरते आणि तोवर नवीन मशीनचा प्रस्ताव मंजूर होऊन येतो. माणसांना शिव्या घालून काय होणार, गोणीत पैसे बांधलेत ते बघा.

रोखठोक_एकदम:
वरचं सगळं वाचून मत आणखी पक्कं झालं, ठेक्याने देऊन मोकळे व्हा. ठेकेदार स्वतःच्या पैशाने 316 घेईल कारण बंद पडलं तर नुकसान त्याचं. नगरपालिकेला वर्षाला ठरलेली रक्कम मिळेल, हजेरीपट नको, पेन्शन नको, युनियन नको.

लेखाशीर्ष:
शिकागोने हेच केलं होतं की. 2008 च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावरची 36 हजारांच्या आसपास पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी खाजगी कंपनीला देऊन टाकली, 115 कोटी डॉलर एकरकमी घेतले आणि नगरसेवकांसमोर करार ठेवून दोन-तीन दिवसांत मंजूर केला. पुढच्याच वर्षी शहराच्याच महानिरीक्षकांनी अहवाल दिला की शहराला निदान 97 कोटी डॉलर कमी मिळाले. आलेल्या पैशातला बराचसा थोड्याच वर्षांत बजेटची भोकं बुजवण्यात गेला. दर वाढले ते वाढलेच, वर जत्रा-मिरवणूक-रस्तादुरुस्तीसाठी शहराने मीटर बंद ठेवले तर कंपनीला भरपाई. 2083 पर्यंत. ठेका वाईट असं म्हणत नाही मी, पण ज्या नगरपालिकेला आपल्या पार्किंगमध्ये रोज किती गाड्या येतात हेच माहीत नाही ती ठेक्याची किंमत ठरवणार कशी? ठेकेदाराला मात्र माहीत असतं, तो आधी महिनाभर माणूस बसवून मोजतो.

रोखठोक_एकदम:
75 वर्षांचा करार कोण करायला सांगतंय, तीन वर्षांचा करा.

गंजका_खिळा:
तीन वर्षांसाठी 316 कोण घेतो मालक? तो पण 304च बसवणार आणि तीन वर्षं संपायच्या आत गोणी बांधून जाणार :)

वाळूत_पाय:
इतका वेळ वाचतेय म्हणून लिहिते. तो शिट्टीवाला "नुसताच फिरणारा" नाहीये हो. गेल्या सीझनला आमच्यासमोर एकाने जीप थेट ओल्या वाळूत नेली, भरती चढत होती, चाकं रुतली, जेवढं ॲक्सिलरेटर दाबेल तेवढी गाडी खाली. या माणसाने धावत जाऊन आधी सगळ्यांना खाली उतरवलं, टायरमधली अर्धी हवा काढायला लावली, गाडीतले पायाखालचे रबरी मॅट चाकाखाली सरकवले आणि दहा जणांना हाताशी धरून ती बाहेर काढली. पाणी बंपरला लागलं होतं. त्याशिवाय उतरणीवर कुणी गाडी लावू नये म्हणून दिवसभर तोच ओरडत असतो, कारण अँब्युलन्स आणि जीवरक्षकांची गाडी तिथूनच खाली जाते. मशीन हे करणार का?

ओहोटी_बघ्या:
ताई, शिट्टीवाल्याबद्दलचे शब्द मागे घेतो. पण मग त्याला तसं पद द्या, ट्रेनिंग द्या, भरतीचं वेळापत्रक त्याच्या हातात द्या. कागदावर तो पावती फाडणारा असेल तर उद्या काटछाट करताना पहिला तोच जाणार, आणि खुर्चीवाला कुणाचातरी भाचा म्हणून राहणार.

वाळूत_पाय:
हे मात्र अगदी खरं. भाच्याचं तर फारच :)

निवांत_पथिक:
मूळ धाग्यातल्या "फुकट करा" वर कुणीच बोललं नाही. फुकट केलं की सकाळी सातला आलेला संध्याकाळी सातला हलतो आणि नंतर येणारे जागा शोधत गोल गोल फिरतात. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच सांगितलं, दर असा ठेवा की साधारण 85 टक्के जागा भरलेल्या राहतील आणि आलेल्याला एखादी तरी मिळेल. म्हणजे गर्दीच्या दिवशी जास्त दर आणि ऑफ सीझनला अगदी नाममात्र किंवा शून्य. मग अकरा गाड्यांसाठी गेटवर कुणी बसायलाच नको, तो माणूस त्या दिवसांत कचरा, पाट्या, रेलिंग बघेल.

ओहोटी_बघ्या:
आयडिया पटली, पण दर वाढवायचा अधिकार दिला की नगरपालिका त्याचा एटीएम करणार.

निवांत_पथिक:
म्हणून वेगळं लेखाशीर्ष हवं, म्हणजे पार्किंगच्या पैशाचं हिशोबात वेगळं खातं. लंडनच्या बार्नेट कौन्सिलने रहिवाशांच्या पार्किंग परमिटची फी 40 पौंडांवरून थेट 100 केली होती, 2013 मध्ये हायकोर्टाने ती बेकायदा ठरवली, कारण तिथल्या 1984 च्या वाहतूक कायद्याखाली दुसरे खर्च भागवायला परमिटची फी वाढवता येत नाही. असा काही लगाम नसेल तर तुमची भीती रास्त आहे.

कोपऱ्यातला_बाक:
85 टक्के काढायला आधी मोजावं लागेल, आणि मोजणारा बोर्ड 000 वर अडकलाय. फिरून तिथेच आलो आपण.

ओहोटी_बघ्या:
आज परत गेलो होतो. मुद्दाम खुर्चीवाल्याशी बोललो, आधी टाळत होता. मशीन चालू असताना तो त्यातली रोकड काढायला होता, बंद पडल्यावर दुसरं काम कुणी दिलं नाही आणि कुणी ऊठही म्हटलं नाही. वेळ जात नाही म्हणून गाड्या मोजतो. खिशातून शंभरपानी वही काढून दाखवली, तारीख, वार, सकाळ-दुपार-संध्याकाळ, दुचाकी वेगळ्या, बस वेगळ्या, भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा समासात. दोन सीझनची नोंद आहे. विचारलं ऑफिसात दाखवली का, तर म्हणे मागितली कुणी? आणि हो, भाचा नाहीये तो कुणाचा.

लेखाशीर्ष:
पानांचे फोटो काढलेत का???

ओहोटी_बघ्या:
त्याला विचारायला जरा अवघड वाटलं. रविवारी जातोय पुन्हा, त्याचीही सुट्टी नसते.