मदत हवी आहे: ट्राउट मासा गळाची नकली माशी हुंगून परत जातोय

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांत बीव्हरकिल नदीवर सध्या दुपारी हेन्ड्रिक्सन (एक जातीचे मेफ्लाय किडे) पाण्यातून निघतायत. त्यांची नक्कल म्हणून १४ नंबरच्या हुकवर पॅराशूट (आडव्या गुंडाळलेल्या पिसाची तरंगती माशी) बांधलंय, अंगाला कोल्ह्याच्या केसांचं गुलबट डबिंग (दोऱ्यावर वळलेली लव). ट्राउट वर येतो, नाक लावतो आणि वळतो! त्याहून लहान १६ नंबर वापरून झाला, टिपेट (दोरीचं बारीक टोक) ५एक्सचा आणखी बारीक ६एक्स केला, ड्रॅगही नाही (दोरी माशीला ओढत नाही). नीट पाहिलं तर तोंड दिसतच नाही, नुसती पाठ नि शेपटी. म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेले, कात टाकणारे किडे खात असावा. म्हणून सीडीसीचे (बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ पिसांचे) पंख लावून इमर्जर (अशा अर्धवट वर आलेल्या किड्याची नक्कल) बांधला, पण दोन-तीन फेकींतच भिजून बुडतो. (तरंगण्यासाठी जेल लावत नाही, पावडरच.) निम्फ (पाण्याखाली बुडणारी माशी) सुचवू नका, मला वरच खेळायचंय. सीडीसीऐवजी हरणाचे केस घेतले तर १४ नंबरला साधारण किती केस लावू, आणि मागचं अंग पाण्याखाली लोंबतं राहायला कुठल्या वळणाचा हुक?