अपडेट मारलं आणि आर उघडेचना! तुमचेही किस्से येऊद्यात

काल रात्री भाचीचा फोन, मावशी आर (ते आकडेवारीचं सॉफ्टवेअर) नवीन टाकलं आणि आता आरस्टुडिओ (आर ज्यातून चालवतात ते) उघडलं की नुसती पांढरी खिडकी, परवा सबमिशन आहे. मला एकदम २०२० चा मे आठवला. लॉकडाऊन, घरात सासूबाई, दोन पोरं आणि माझं प्रबंधाचं चौथं प्रकरण. आरचं ४.०.० व्हर्जन नुकतंच आलेलं, हौसेनं टाकलं. डबल क्लिक केलं की एक डबा यायचा, "फेटल एरर, अनेबल टू रिस्टोअर सेव्ह्ड डेटा", ओके केलं की खेळ खल्लास. तीनदा काढून परत टाकलं, ढिम्म. शेवटी कळलं की बंद करताना ते "सेव्ह वर्कस्पेस?" विचारतं ना, त्याला मी दोन वर्षं इमानेइतबारे येस म्हणत आलेले. म्हणजे तेव्हा आरमध्ये उघडा असलेला सगळा डेटा डॉक्युमेंट्समध्ये .आरडेटा नावाच्या फायलीत साठत होतं. नवीन आरची पॅकेजची (वरून टाकायच्या जोडण्यांची) लायब्ररी वेगळी, म्हणजे रिकामी, आणि ती फाइल उघडायला जुनं पॅकेज हवं. फायलीचं नाव बदललं आणि गपगुमान उघडलं! प्रोग्राम काढून टाकला तरी ती फाइल जागची हलत नाही, म्हणून तीन वेळची मेहनत पाण्यात.
भाचीला तेच करायला लावलं, पण तिचं पांढरं ते पांढरंच. सुचवा काहीतरी.

टी_टेस्ट
विंडोज असेल तर कंट्रोल दाबून धर आणि मग आरस्टुडिओच्या आयकॉनवर क्लिक कर, कुठलं आर वापरू असं विचारेल. जुनं काढलं नसेल तर तेच निवड, सबमिशन उरक, मग नव्याचे लाड. त्याच खिडकीत खाली रेंडरिंग इंजिन (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) आहे तिथे "सॉफ्टवेअर" हा पर्याय करून बघ, पांढऱ्या स्क्रीनला माझ्याकडे तोच उतारा चालला होता

भाजीत_भाजी
मला वाटलं गाडीचा रिव्हर्स गिअर पडत नाही 😀 चालू द्या

वऱ्हाडी_डेटा
माझं तर वेगळंच. नवीन लॅपटॉप, मोठ्या प्रेमानं विंडोजचं युजरनेम देवनागरीत ठेवलं. झालं, पॅकेज टाकायला गेलं की पाथमध्ये नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मातृभाषेचा अभिमान पहिल्याच दिवशी नडला राव. सी ड्राइव्हवर साधा इंग्रजी नावाचा फोल्डर करून लायब्ररी तिकडे नेली. २०२२ ला आर ४.२ मध्ये विंडोजवर यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग) आलं तेव्हा कुठे सुटलो

होस्टेल_नं_४
मी शहाणपणा करून आरप्रोफाइलमध्ये (आर उघडताना आधी वाचतं ती फाइल) पॅकेज अपडेटची ओळ लिहून ठेवलेली, म्हणजे आर उघडलं की आधी डाउनलोड. होस्टेलचं वायफाय! मी समजतोय हँग झालं. सीनियरनं --व्हॅनिला लावून उघडायला सांगितलं, त्यात प्रोफाइलही वाचत नाही आणि .आरडेटाही

भाजीत_भाजी
व्हॅनिला? आता आइस्क्रीम खावंसं वाटतंय

पीएचडीग्रस्त
उघडलं नाही ते बरं म्हणा. आमचं ४.० छान उघडलं, स्क्रिप्टपण पळाली, फक्त सीएसव्हीतले शब्दांचे कॉलम आधी आपोआप फॅक्टर (म्हणजे ठरावीक गट) व्हायचे ते बंद झालेलं. लेव्हल्स, म्हणजे गटांची नावं, विचारल्या तर नल, काहीच नाही. गाइडसमोर कळलं 🙈
बाकी ताई, चौथं प्रकरण झालं का?

धागाकर्ती
@पीएचडीग्रस्त झालं हो, पाचव्यालाच जास्त छळ झाला.
@टी_टेस्ट तुझ्या तोंडात साखर! सॉफ्टवेअर केल्यावर दिसायला लागलं. आता पोरगी पॅकेजं परत उतरवतेय, मी फोनवर बसलेय आणि इकडे दूध उतू गेलं. बंद करताना नो म्हण गं, असं तिला चारदा बजावलंय, ती हो हो म्हणतेय म्हणजे ऐकत नाहीये.