दादाचे निराधारचे पैसे बंद झालेत, मदत हवी आहे (तातडीने)

रानजाई
नमस्कार. आधी असा धागा असेल तर सांगा, मला सापडला नाही.
दादाचे निराधार योजनेचे पैसे (सरकारकडून दर महिन्याला येतात ते) तीन महिने आलेले नाहीत. बाकी सगळ्या दिव्यांगांना वाढीव अडीच हजार सुरू झाले, शेजारच्या काकूंच्या मुलालाही आले, आमच्या दादालाच नाहीत. आईने तहसीलला चार खेपा घातल्या. पहिल्यांदा म्हणाले बँकेत विचारा. बँक म्हणते वरूनच आलेले नाहीत. परत तहसील, तर त्या टेबलाच्या बाई रजेवर. चौथ्या खेपेला "पोर्टलवर अपात्र दाखवतंय" एवढं सांगितलं आणि पुढचा माणूस बोलावला. मी पुण्यात असते, दर वेळी रजा काढून जाणं शक्य नाही. तक्रार कुणाकडे करायची तेवढं सांगा. कागदपत्रं सगळी आहेत.

जुनी_फाईल
संजय गांधी निराधार योजना की श्रावणबाळ योजना? वय किती? अपंगत्व कोणतं, किती टक्के? हयातीचा दाखला दिला होता का? आणि "कागदपत्रं सगळी आहेत" हे वाक्य मी तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूने ऐकलंय. सगळी म्हणजे कोणती ते लिहा.

अर्धा_कप
डोळे झाकून सांगतो, आधार सीडिंगचा, म्हणजे आधार-बँक जोडणीचा घोळ. डीबीटी (थेट खात्यात पैसे) झाल्यापासून पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधारला शेवटी जे खातं जोडलं असेल तिकडे जातात. माझ्या सासऱ्यांचे पाच महिने भलत्याच बँकेत पडून होते, घरात कुणाला पत्ता नाही. सरळ पोस्टाच्या बँकेत नवीन खातं उघडा. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेतो. काम फत्ते.

रानजाई
संजय गांधी. वय ३६. हयातीचा दाखला दिलाय. आधार जोडलेलं आहे, त्याच खात्यात आधी येतच होते ना! हातपाय ठीक आहेत त्याचे, मानसिक आहे. कृपया मूळ प्रश्नाचं उत्तर द्या, तक्रार कुठे?

सांजवात
ताई, मानसिक म्हणजे मतिमंद का? माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून अनुभवाने सांगते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि आधी कुठली वैद्यकीय तपासणी लागत नाही. शिवाय अठरा पूर्ण झाले की कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते तिथे अर्ज करायचा. आम्हाला बरीच वाट बघावी लागली, पण झालं.

जुनी_फाईल
सांजवात, माहिती बरोबर, माणूस चुकीचा. १९९९ चा न्यासाचा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांपुरताच आहे. मनोरुग्ण त्यात येत नाहीत. मतिमंद वेगळे आणि मनोरुग्ण वेगळे, हे समजवण्यात माझी अर्धी नोकरी गेली.
रानजाई, आजाराचं नाव आणि टक्के सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नुसती तक्रार करून "अपात्र"चं "पात्र" होत नसतं.

मुक्काम_पोस्ट
अडीच हजार मिळतायत ते बच्चूभाऊ कडूंमुळे, हे कुणी लिहीत नाही इथे. जून २०२५ मध्ये मोझरीला अन्नत्यागाला बसले तेव्हा शासन हललं. नाहीतर अजून दीड हजारावरच असते सगळे.

कोपऱ्यातला
मागितले होते सहा हजार, मिळाले अडीच. आणि त्याला मेहेरबानी कशाला म्हणायचं? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचा, कलम २४. तशीच योजना इतरांसाठी असेल तर दिव्यांगाला त्याहून किमान २५ टक्के जास्त द्यायचे, असं स्पष्ट लिहिलंय. कायदा लागू झाला एप्रिल २०१७ ला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ पर्यंत विधवा, निराधार आणि दिव्यांग सगळ्यांना एकच दीड हजार. म्हणजे आठ वर्षं राज्य आपलाच देशाचा कायदा मोडत होतं आणि आपण हार घालत होतो.

मुक्काम_पोस्ट
कायदा वाचून पैसे आले असते तर तुम्हीच आणायचे होते की. रस्त्यावर कोण बसलं ते महत्त्वाचं.

कोपऱ्यातला
बसले हे मान्यच. पण बसावं का लागलं, तेही बोला की.

रानजाई
कृपया राजकारण नको. स्किझोफ्रेनिया आहे. गावात कुणाला नाव माहीत नाही, म्हणून लिहायचं टाळत होते. बारा वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. युडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड आहे, आत्ता दिवाळीच्या आधीच नवीन करून घेतलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. फक्त आधीचं पिवळं होतं, हे पांढरं आलंय. छपाई बदलली असेल.

जुनी_फाईल
थांबा. छपाई नाही बदलली.
पांढरं म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली, पिवळं ४० पासून, निळं ८० आणि त्यापुढे. कार्डावर टक्के बघा आणि इथे लिहा.

रानजाई
आईला फोन करून फोटो मागवला. ३० लिहिलंय. आधीचं ४५ होतं, २०२० चं, पाच वर्षांसाठी दिलेलं. मी आजवर टक्के बघितलेच नव्हते. कार्ड आलं म्हणजे झालं असं वाटलं.
हे असं कमी कसं होऊ शकतं? तो आधीपेक्षा बरा नाहीये. आठ-आठ दिवस आंघोळ करत नाही.

अर्धा_कप
म्हणजे आधारचा घोळ नव्हता तर. तरी पोस्टाचं खातं काढून ठेवाच.

निवांत_काका
मधेच बोलतो, पण कुणाला माहीत नसतं म्हणून. दिव्यांग व्यक्ती तुमच्यावर अवलंबून असेल तर आयकरात ८०डीडीखाली ७५ हजारांची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. फक्त जुन्या करप्रणालीत. मी दरवर्षी घेतो.

कोपऱ्यातला
काका, त्यालाही ४० टक्के लागतात. इथे तेच गेलेत.

तिसरी_घंटा
मी मानसोपचाराच्या वॉर्डात समाजसेविका आहे. कुठे ते सांगत नाही. रानजाई, टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासमोर दादाबरोबर कोण गेलं होतं, आणि तिथे नेमकं काय झालं? आठवेल तेवढं लिहा, यातच उत्तर असतं.

रानजाई
आई गेली होती. दर वेळी तीच जाते. आदल्या दिवशी तिने त्याची दाढी करवली, कसंबसं न्हाऊ घातलं, लग्नातला निळा शर्ट इस्त्री करून घातला. बसमध्ये त्याला घोकवत होती: नाव काय, वार कोणता, पंतप्रधान कोण. "डॉक्टरांसमोर नीट बोल रे, वेड्यासारखं करू नकोस." तो खरंच नीट बोलला. डॉक्टरांनी आईला विचारलं घरी काही काम करतो का, तर आई म्हणाली हो, सगळं करतो, गुणी आहे माझा. पाच-दहा मिनिटांत बाहेर. आईने मला फोन करून कौतुकाने सांगितलं होतं की या वेळी किती छान उत्तरं दिली.

तिसरी_घंटा
हे मी आठवड्यातून दोनदा बघते. आईची चूक म्हणू नका. बारा वर्षं ती हेच करत आली आहे, लोकांसमोर तो नीट दिसावा.
आता हिशेब बघा. मानसिक आजारासाठी आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. चार रकाने: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम. प्रत्येकी शून्य ते चार. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे: दोन वर्षांच्या आत एक, दोन ते पाच वर्षं दोन, सहा ते दहा तीन, दहाच्या वर चार. एकूण वीसपैकी सात झाले की ४० टक्के.
तुमच्या दादाला बारा वर्षं झाली, म्हणजे कालावधीचेच चार. उरलेल्या चार रकान्यांत मिळून फक्त तीन हवे होते. ३० टक्के दिलेत याचा अर्थ चारही रकान्यांत मिळून जास्तीत जास्त दोन. जो आठ-आठ दिवस आंघोळ करत नाही आणि ज्याने (माझा अंदाज) कित्येक वर्षांत कमाई केलेली नाही, त्याला दोन? एक तर कालावधी चुकीचा धरलाय, नाहीतर "सगळं करतो" हे वाक्य तसंच उतरवून घेतलंय. त्या दिवशी उपचारांची जुनी फाईल दाखवली होती का?

रानजाई
नाही. आईने फक्त चालू महिन्याची चिठ्ठी नेली होती. फाईल माझ्याकडे पुण्यात आहे.
कमाईचा अंदाज बरोबर आहे. शेवटचं काम २०१४ ला, एका दुकानात, दोन महिने.

सरळरेषा
म्हणजे पुढच्या वेळी वेड्यासारखं वागायला सांगून पाठवायचं का? अशानेच खोटी प्रमाणपत्रं निघतात. २०२४ मध्ये त्या प्रशिक्षणार्थी आयएएस बाईंचं प्रकरण बघितलं ना? मंडळांनी हात आखडते घेतले तर दोष कुणाचा?

तिसरी_घंटा
नाटक करा असं मी कुठे म्हटलं? आत्ता जे होतं तेच नाटक होतं, उलट्या बाजूचं. इस्त्रीचा शर्ट. मी एवढंच म्हणते की वर्षभर जसा असतो तसा दिसू द्या, आणि विचारलं तर खरं सांगा.
बड्या माणसाने पळवाट काढली की चाळणी बारीक होते, आणि त्या चाळणीत बसस्टँडवरून चालत आलेली आई अडकते.

हरी_ओम_७१
या आजारावर औषध म्हणजे विष आहे. माझ्या ओळखीत एकाला ब्राह्मी आणि नामस्मरणाने सहा महिन्यांत पूर्ण आराम पडला. गोळ्या हळूहळू बंद करा. फार वाटत असेल तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी यांपैकी जवळच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवून द्या, आईचीही सुटका होईल.

तिसरी_घंटा
रानजाई, गोळ्या बंद करू नका. कुणाच्याही सांगण्यावरून नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धीसुद्धा कमी करू नका.
आणि "ठेवून द्या" हे दिवस गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात समाजात राहण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे. घरच्यांना नको झाला म्हणून माणूस रुग्णालयात ठेवता येत नाही.

जुनी_फाईल
गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर, विकत घेता का?

रानजाई
हो. मी पाठवते पैसे. रिस्पेरिडोन आणि आणखी एक.

जुनी_फाईल
रिस्पेरिडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ प्रमाणे यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सरकारी ठिकाणी मानसिक रुग्णाला मोफत मिळायला हवीत. "साठा नाही" म्हणाले तर चिठ्ठीवर तसं लिहून मागा. लिहून मागितलं की पुष्कळदा साठा सापडतो.
आता तुमचं मूळ काम. तहसीलची तक्रार विसरा, तिथे कुणी चूक केलेली नाही. ४० च्या खाली, ३० टक्के आले की पोर्टल अपात्रच दाखवणार. भांडण दिव्यांग प्रमाणपत्राशी आहे. दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ खाली प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग कक्षात अपिलाचा अर्ज कुणाकडे घेतात ते विचारा, पोच घ्या, दिवस घालवू नका. अर्जाला २०२० चं प्रमाणपत्र, आजार सुरू झाला त्या वर्षीचा पहिला कागद आणि सध्याच्या डॉक्टरांचं पत्र जोडा. पहिला कागद सगळ्यात महत्त्वाचा, कालावधी त्यावरच ठरतो.

कोपऱ्यातला
त्याआधी गुणांचा तक्ता मागवा. दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, दादाच्या सहीने. तीस दिवसांत द्यावाच लागतो.

तिसरी_घंटा
माहिती अधिकार कशाला? स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५ मध्येच आहे. साधा अर्ज पुरतो. माहिती अधिकाराचं नाव काढलं की समोरचा माणूस ताठ होतो, आणि त्यालाच उद्या दादाला परत तपासायचं असतं.

कोपऱ्यातला
ताठ झाल्याशिवाय कामं होत नाहीत. गोड बोलून काय झालं ते वर दिसतंच आहे. आणि एक प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालयात टाकाच.

सांजवात
उत्पन्नाचा दाखलाही ताजा काढून ठेवा ताई. एकवीस हजारांच्या आतलाच लागतो.

जुनी_फाईल
दिव्यांगांना पन्नास हजार. एकवीस हजार इतरांना, म्हणजे घरटी दिवसाला साठ रुपयेही नाहीत. एवढ्यात जगणारं कुटुंब मला नोकरीत एकही भेटलं नाही, दाखले मात्र हजारो भेटले.

निवांत_काका
नवीन करप्रणालीतून जुनीत परत येता येतं का, कुणी सांगेल?

रानजाई
उशिरा लिहिते आहे. शनिवारी गावी गेले होते. ट्रंकेत पहिली चिठ्ठी सापडली, २०१३ ची, कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का शाबूत आहे. सध्याच्या डॉक्टरांनी पत्र दिलं. सोमवारी अपील दिलं, पोच मिळाली. गुणांचा तक्ताही साध्या अर्जाने मागितलाय. कोपऱ्यातला, तुमचा दहा रुपयांचा अर्ज पर्समध्ये तयार आहे. पहिल्या खिडकीवर म्हणाले असं अपील वगैरे काही नसतं. कलम सांगितल्यावर दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथे घेतलं. गोळ्यांचं अजून बघितलेलं नाही.
पुन्हा बोलावतील तेव्हा मी रजा काढून सोबत जाणार आहे. आईला सगळं समजावलं. तिला ते फारसं पटलेलं नाही. "म्हणजे मी माझ्या तोंडाने पोराची निंदा करायची?" म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसून भाजी निवडत राहिली. रात्री निघताना विचारलं, "शर्ट कोणता घालू त्याला?"
मी म्हटलं, त्या दिवशी त्याच्या अंगात जो असेल तो.