परदेशातील युद्ध, पंपावरचा भाव आणि मतदाराचा राग

तिठा (धागा सुरू करणारा)

दूरच्या देशात युद्ध पेटले की त्याची झळ सर्वसामान्य माणसाला प्रथम पेट्रोल पंपावर लागते आणि पुढे मतदानाच्या दिवशी तो तिचा जाब आपल्याच सरकारला विचारतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार आहे, असे माझे मत आहे. कच्च्या तेलाचे बाजार जगभर एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एका टोकाला पुरवठ्याविषयी नुसती शंका आली तरी दुसऱ्या टोकाला भाव चढतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त व सीरिया यांनी इस्रायलवर हल्ला केला, अमेरिकेने इस्रायलला शस्त्रे पुरवली म्हणून अरब तेलउत्पादकांनी तिच्यावर तेलबंदी लादली, आणि ३ डॉलरच्या आसपास मिळणारे पिंप काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ब्रेंट तेल (ज्यावरून जगभर भाव ठरतो ते कच्चे तेल) पिंपामागे १३९ डॉलरला शिवून आले, तर जूनमध्ये अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव प्रथमच गॅलनला ५ डॉलरपलीकडे गेला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी हा आकडा फारसा बदलला नसता. परंतु पंपावर उभ्या असलेल्या माणसाला क्रेमलिनच्या विरोधात मतदान करता येत नाही. त्यामुळे जो हाताशी सापडतो त्यालाच तो धरतो.

कानोसा

तिठा, तुमचा संन्यासी वाटतो तितका निःसंग नाही. १९७३ मध्ये भाव युद्धामुळे चढला हे मान्य. पण अमेरिकेत त्या हिवाळ्याची आठवण भावापेक्षा रांगांची अधिक आहे, आणि त्या रांगा बऱ्याच अंशी वॉशिंग्टननेच लावल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ पासून किमतींवर नियंत्रणे घातली होती. त्यात इंधनाचे वाटप पूर्वीच्या खपाच्या प्रमाणात करण्याचे ठरल्याने एका भागात टाक्या भरलेल्या आणि दुसरीकडे ठणठणाट, अशी अवस्था झाली. ओरेगॉनमध्ये पंपांवर झेंडे लावले जात. हिरवा झेंडा असेल तर सर्वांना पेट्रोल मिळे, लाल असेल तर साठा संपलेला असे. गाडीच्या क्रमांकातला शेवटचा अंक सम आहे की विषम, यावर कोणत्या तारखेला टाकी भरायची ते ठरे. लाल झेंडा पाहून माघारी वळलेल्या माणसाने आपल्या सरकारला बोल लावला, तर त्यात अन्याय कोणता?

तिठा

नियंत्रणे चुकीची होती, पण ती लोकांना हवी होती, हे आपण का विसरता? १९७१ मध्ये भाव गोठवण्याचा निर्णय लोकप्रियच ठरला होता. पुढे १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशी तेलावरची नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठवण्याचे अप्रिय काम हाती घेतले. त्याच वर्षी इराणमधील क्रांतीमुळे भाव भडकले आणि १९८० च्या निवडणुकीत कार्टर पडले. तेहरानमध्ये ओलीस ठेवलेले अमेरिकन आणि एकूण महागाई हीही कारणे होतीच. मात्र उरलेली नियंत्रणे त्यांना हरवणाऱ्या रेगन यांनी सत्तेवर येताच, जानेवारी १९८१ मध्ये, एका सहीने काढली. दूध तापवले एकाने आणि साय खाल्ली दुसऱ्याने!

उंबरठा

तुम्ही दोघेही गृहीत धरता की भाव आधी आणि मत नंतर. मला हा क्रम बऱ्याचदा उलटा दिसतो. अमेरिकेतल्या पंपांवर बायडेन यांचे चित्र असलेले स्टिकर लोक चिकटवत असत. ते अशा बेताने लावले जात की चित्रातले बोट नेमके किमतीच्या आकड्यावर येई, आणि शेजारी मजकूर असे, 'हे मी केले'. हे स्टिकर २०२१ मध्येच, म्हणजे युद्धाच्या आधीच, सर्वत्र दिसू लागले होते. ते चिकटवणाऱ्यांचे मत केव्हाच ठरलेले होते. युद्धाने त्यांना फक्त मोठा आकडा पुरवला.

कानोसा

स्टिकर चिकटवणारा पक्का विरोधकच असणार. निवडणूक फिरते ती स्टिकर वाचून गप्प राहणाऱ्यांवर. सरकारांनाही हे पुरते ठाऊक असते, म्हणून तर बायडेन यांनी राखीव साठ्यातून १८ कोटी पिंपे बाजारात सोडण्याची घोषणा केली. जर्मनीचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. तेथे जून ते ऑगस्ट २०२२ या तीन महिन्यांत पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे ३५ सेंटने उतरवला, आणि त्याच काळात देशभरच्या स्थानिक गाड्या व बस यांसाठी महिना ९ युरोचा पास दिला. पहिल्या उपायात जो अधिक पेट्रोल जाळील त्याला अधिक लाभ. दुसऱ्यात गाडी नसलेल्यालाही काही मिळाले. युद्ध तेच, तेल तेच, पण बोजा कोणावर टाकायचा हे बर्लिनमध्ये ठरले. तुमच्या संन्याशाला मी जाब विचारतो तो याबद्दल.

तिठा

बोजाच्या वाटणीबद्दल जाब विचारायला माझी हरकत नाही. परंतु ज्या खेड्यात बस दिवसातून दोनदा येते, तेथे तो पास घेऊन माणसाने जायचे कोठे? तेथल्या मतदाराला करातली सवलतच न्याय्य वाटणार, आणि तीही सप्टेंबरच्या १ तारखेला संपली.

उंबरठा

भावावरच सगळे ठरत असते, तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांचे काय झाले ते कसे समजावून घ्यायचे? ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले आणि तेल दुपटीवर गेले. १७ जानेवारी १९९१ रोजी बगदादवर बॉम्बवर्षाव सुरू झाला तेव्हा भाव आणखी भडकेल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात सौदीचे तेल सुरक्षित आहे असे दिसताच त्या एका दिवसात तो जवळजवळ एक-तृतीयांशाने कोसळला. युद्धानंतर गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत बुश यांच्या कामगिरीला ८९ टक्के लोकांची पसंती मिळाली. नोव्हेंबर १९९२ मध्ये ते हरले, तेव्हाही पेट्रोल स्वस्तच होते.